कॉफीच्या कपाआधीची नोंदवही

महोदय,

दर जूनमध्ये तृतीयपंथीयांच्या पोलिसी छळाविरुद्धच्या लढ्यावर लेख येतात आणि त्यांची सुरुवात न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांशी झालेल्या झटापटीपासून, म्हणजे १९६९पासून होते. त्याआधी, ऑगस्ट १९६६मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात पोलीस धरायला आला तेव्हा एका तृतीयपंथी स्त्रीने त्याच्या तोंडावर कॉफी फेकली होती, हे बहुधा राहूनच जाते. असो. आपल्याकडचा झगडा त्याहूनही जुना आहे. तो झाला एका सरकारी नोंदवहीवरून.

१८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. मूळ कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबपुरता. मुंबई इलाखा त्यात नव्हता. मुले पळवणे, खच्चीकरण किंवा दंडसंहितेच्या कलम ३७७चा (‘अनैसर्गिक’ संभोग) नुसता संशय आला, की नाव-पत्ता वहीत चढे. मग गुन्हेगार जमाती कायद्याचेच कलम २६ लागू. बायकी कपडे-दागिने घालून रस्त्यावर दिसले, किंवा रस्त्यावरून दिसावे म्हणून घरातच उभे राहिले, तरी वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. पैसे घेऊन कुणाच्या घरी नाचणेही गुन्हाच. शिवाय दत्तक, मृत्युपत्र, बक्षीसपत्र यांना बंदी. आमच्या मते खरा घाव हाच: गुरूमागे चेल्याला काही मिळायचा मार्गच तोडला.

पण मेख अशी, की शिक्षा फक्त नोंदलेल्यांना. त्यामुळे वहीत न सापडणे हाच पहिला प्रतिकार ठरला. कुणी हद्द ओलांडून संस्थानात गेले, कुणी पोलिसांपुढे पुरुषी वेष घातला. नोंदीविरुद्ध अर्जाची सोय होती खरी, पण निकाल देणार नोंद करणारा अधिकारीच!

कोर्टातही हे प्रकरण अडखळले. बायकी वेषात गाणाऱ्या खैराती नावाच्या व्यक्तीला सत्र न्यायालयाने ३७७खाली दोषी ठरवले. १८८४मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, कारण कृत्य कुणाबरोबर, कधी, कुठे, यातले काहीच सरकारला सांगता आले नव्हते. दयामाया मात्र त्या निकालात शोधू नये, न्या. स्ट्रेट यांनी पोलिसांच्या हेतूचे कौतुकच केले होते.

१९११मध्ये कायद्याचा हा दुसरा भाग वगळला गेला. तरी १९१९च्या सुमारास निजामाच्या हैदराबादने जवळपास तोच मजकूर उचलला, आणि २०११मध्ये कर्नाटकने पोलीस कायद्यात कलम ३६अ घालून पुन्हा नोंदवहीच आणली. हैदराबादचा कायदा तेलंगण उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला तो थेट जुलै २०२३मध्ये.

– काही वाचक, परळ, मुंबई