बागेतल्या झाडाला गाव असावं लागतं

पणजी, गोवा
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र ऐन चतुर्थीच्या धामधुमीत आलं. पाहुणे-रावळे परतले, घर जागेवर आलं, आणि आज कुठे उत्तर लिहायला निवांतपणा मिळाला. पणजीत वनस्पतिबाग व्हावी म्हणून आम्ही काही जण निवेदन तयार करतोय असं मी कळवलं होतं. त्यावर तू सरळच विचारलंस की डोंगर खोदले जाताहेत, राया तुटताहेत, आणि तुम्ही शहरात बाग कसली मागताय? बागेत माणसं फिरायला जातात, तिथे संशोधन काय होणार? तुझा प्रश्न रास्त आहे. तो मला नीट सोडवायचा आहे, म्हणून पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

आमच्या घरची माटोळी तुला आठवत असेलच. गणपतीच्या डोक्यावरची ती लाकडी चौकट, तिला टांगलेले नारळ, सुपारीची शिपटं, तोरिंजनं आणि रानातून आणलेली कसली कसली फळं. तू एकेकाचं नाव विचारत होतास आणि आई सांगत होती. यंदा माटोळीच्या बाजारात सत्तरी तालुक्यातल्या एका वाडीवरून आलेल्या बाईजवळ मी बराच वेळ थांबलो. तिच्यापुढे कांगलांचे घोस होते. तुमच्याकडे या वेलीला मालकांगोणी म्हणतात. वाटाण्याएवढी पिवळट फळं, आणि एखादं उकललेलं असलं की आत शेंदरी गरात माखलेल्या बिया. ही वेल कुठे मिळते विचारलं, तर तिने ओहोळाचं नाव सांगितलं, कुठल्या अंगाची वेल आधी पिकते ते सांगितलं, आणि पूर्वी घरामागेच मिळायची, आता डोंगर ओलांडून जावं लागतं, हेही सांगितलं. मधू, तीन वाक्यांत तिने त्या वेलीचं ठिकाण, पिकण्याचा काळ आणि झालेली घट सांगून टाकली. वनस्पतिशास्त्राला हवं ते सगळं त्यात होतं. फक्त ते कुठेच लिहिलेलं नाही. ती बाई आणि तिच्या बरोबरीच्या बाया थकल्या की ते त्यांच्याबरोबर जाईल. दर वर्षी चतुर्थीला गोव्याच्या घराघरांत रानाची एवढी मोठी पाहणी होते, आणि विसर्जनानंतर ती माटोळीबरोबर उतरवली जाते.

मला बाग हवी आहे ती या लिहिण्यासाठी. फुलबाग आणि वनस्पतिबाग यांच्यात खरा फरक एका वहीचा असतो. वनस्पतिबागेत रोप आलं की त्याला क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकापुढे लिहिलं जातं की बी कुठल्या गावच्या, कुठल्या रानातल्या झाडाचं, कोणी आणलं, कोणत्या तारखेला, तिथली जमीन कशी होती, आजूबाजूला काय होतं. मग वर्षानुवर्षं भर पडत जाते: पहिली फुलं कधी आली, फळ धरलं का, कोणती माशी किंवा पाखरू फिरकलं, कधी मेलं आणि कशाने मेलं. ही वही नसेल तर ते झाड सावली देईल, शोभा देईल, पण त्यावरून काही सिद्ध करता येणार नाही. पावसाळा मागेपुढे सरकतोय असं आपण सगळेच म्हणतो. एकाच झाडाच्या फुलण्याच्या पन्नास वर्षांच्या तारखा हातात असल्या तर ते म्हणणं तपासता येतं. रानात एकाच झाडापाशी पन्नास वर्षं कोण जाऊन उभं राहणार? शहरातल्या बागेत माळी रोज जातो, शाळेतली मुलं जातात. शहराचा उपयोग नेमका इथे आहे.

गोव्याला हे काही परकं नाही. पणजीत चर्चसमोर जी पालिकेची बाग आहे तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये हिंदुस्थानात आला आणि पुढचं आयुष्य त्याने मुख्यतः गोव्यात काढलं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. हिंदुस्थानात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी तो एक. सगळा संवादरूपात आहे: नुकताच आलेला रुआनो नावाचा विद्वान जुन्या ग्रीक ग्रंथांचे हवाले देतो आणि ओर्ता त्याला सांगतो की मी स्वतः काय पाहिलं ते ऐक. फणस, आंबा, हिंग, आलं, सगळं त्यात येतं. चार वर्षांत क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि युरोपभर तो वाचला गेला. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर, 1580 मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

त्या संवादांत अँतोनिया नावाची त्याची दासी आहे. ओर्ता सांगेल तेव्हा ती पाला, फळ आणून दाखवते. तिच्याविषयी याहून जास्त काही कळत नाही. पुढे शंभरेक वर्षांनी कोचीनला डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो अॅमस्टरडॅमला 1678 ते 1693 या काळात छापला गेला. त्यात मात्र मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट हे तिघे कोंकणी वैद्य यांची नावं आहेत. या तिघांनी दिलेला दाखला पहिल्या खंडात नागरी लिपीत, कोंकणी भाषेत छापलेला आहे. माहिती देणाऱ्याचं नाव लिहून ठेवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. आमच्या वहीत कांगलांच्या रोपापुढे त्या सत्तरीच्या बाईचं नाव तिला विचारून घालायचं, हे मी मनाशी ठरवून ठेवलंय.

बागेला जोडून असते ती वाळवलेल्या नमुन्यांची खोली. तू कधी आत गेला नाहीस, म्हणून सांगतो. लोखंडी कपाटं, नॅप्थलीनचा वास, आणि एकावर एक रचलेले जाड कागदांचे गठ्ठे. प्रत्येक कागदावर एक डहाळी, दाबून वाळवलेली, कीड लागू नये म्हणून विषारी द्रावणात बुडवलेली, मग दोऱ्याने टाके घालून बसवलेली. फूल वाळलं की रंग जातो, म्हणून ताज्या फुलाचा रंग उजव्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर शब्दांत लिहितात. जांभळा तेरडा कागदावर तपकिरी दिसतो, पण चिठ्ठी वाचली की तो पुन्हा जांभळा होतो. एखादी वनस्पती शास्त्राला नवीन म्हणून जाहीर करायची, तर असा एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो. पुढे कोणालाही शंका आली तर तो त्या कागदापाशी येतो. 2009 मध्ये डिपकॅडी गोएन्से ही गोव्यातली कंदवर्गीय वनस्पती अशीच नव्याने नोंदली गेली. आपण ज्या भूमीवर रोज चालतो तिथे एवढ्या उशिरापर्यंत एका जातीला नाव नव्हतं. ओळख पटवायला वाळलेला नमुना लागतो आणि जगवायला जिवंत रोप. बाग या दोन्ही गोष्टी एका छताखाली ठेवते.

आता तुझ्या मुख्य आक्षेपाकडे येतो. जंगल वाचवणं हेच पहिलं काम, यात मला तसूभर शंका नाही. पण बियांची पेढी करून ठेवली की निश्चिंत, असं तू लिहिलंस, तिथे मला तुला अडवायचंय. धान्याचं, गवताचं, बऱ्याच कोरड्या फळांचं बी सुकवून उणे 20 अंशांवर ठेवलं तर कितीतरी वर्षं टिकतं. आमच्या ओल्या रानातल्या कित्येक झाडांचं बी असं टिकतच नाही. आंब्याची कोय, फणसाची आठळी, जांभळाचं बी, रानजायफळ, यांतलं पाणी कमी झालं की ती मरतात. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय आहे. देवाच्या नावाने राखलेली ही दलदल आहे, तिच्यात रानजायफळाची झाडं उभी आहेत, आणि चिखलातून त्यांची गुडघ्यासारखी वाकलेली मुळं हवेसाठी वर आलेली दिसतात. त्याच्या बीवर लाल जाळीदार पत्री असते. धनेश ते फळ गिळतो, पत्री पचवतो आणि बी दूर कुठेतरी टाकतो. ते ओलं असतानाच रुजलं तर रुजलं. असं बी कुठल्याही शीतपेटीत ठेवून चालत नाही. रायीबाहेर त्याचा दुसरा जीव राखायचा तर झाडच लावावं लागतं, त्याला तसाच ओलावा द्यावा लागतो आणि वाट बघावी लागते. आमच्यासाठी बाग हीच पेढी आहे.

जगभरचा हिशेबही हेच दाखवतो. 2017 मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात जगातल्या वनस्पतिबागांत माहीत असलेल्या जातींपैकी निदान 30 टक्के आणि धोक्यात आलेल्यांपैकी 41 टक्के जाती आढळल्या. ऐकायला हे बरं वाटतं. पण ज्या जाती कुठल्याच बागेत नाहीत, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश उष्ण कटिबंधातल्या निघाल्या. श्रीमंत बागा थंड देशांत, आणि झाडांची खरी विविधता आमच्याकडे. आमची झाडं तिथल्या काचघरात कुठवर पुरणार?

एका बागेने जीव कसा राखला जातो आणि त्याला मर्यादा काय, हे दर्बानच्या गोष्टीत दिसतं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या शहराच्या बागेचे क्युरेटर जॉन मेडली वुड यांना 1895 मध्ये ओंगोयेच्या जंगलात सायकसच्या गटातल्या एका झाडाचा एकच झुपका सापडला. पुन्हा तसं झाड कोणालाही रानात मिळालं नाही. त्याचे फुटवे बागेत नेले म्हणून ते आज जगभरच्या बागांत आहे. पण तो झुपका नर होता. जगात असलेलं त्या जातीचं प्रत्येक झाड त्याच नराचा तुकडा आहे, आणि बी कधीच धरलेलं नाही. म्हणून मी आमच्या मंडळींना सांगतो की शेवटचं झाड उरेपर्यंत थांबायचं नाही, आणि एका झाडाचं बी आणून समाधान मानायचं नाही. भिरंडीत, म्हणजे कोकमात, नर-मादी झाडं वेगवेगळी असतात. काणकोण, सांगे, पेडणे अशा निरनिराळ्या गावांच्या निरनिराळ्या झाडांखालून बी गोळा करायचं आणि कुठलं रोप कुठलं, हे कधीही मिसळू द्यायचं नाही.

तुमच्या जवळचंच उदाहरण म्हणजे कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठाच्या बागेत कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती जमवून वाढवल्या आहेत. यांचे कंद गुराखी खणून खातात, शिवाय त्या एखाद्या-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरलेल्या असतात. बागेत वाढवलेली रोपं परत त्या डोंगरांवर नेऊन लावण्याचं काम तिथल्या लोकांनी केलं. बाग आणि जंगल यांच्यात ही जी ये-जा आहे तीच मला पणजीत हवी आहे. सुट्टीत एकदा जाऊन ये, पावसाळा संपता संपता.

बागांनी नुकसानही केलंय, ते लपवण्यात अर्थ नाही. घाणेरी आपल्या देशात शोभेचं झुडूप म्हणून आली ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कलकत्त्याच्या वनस्पतिबागेतून. आज तिने जंगलांचं काय केलंय ते तू सह्याद्रीत पाहिलंच आहेस. म्हणून बाहेरून येणारं रोप आधी वेगळं ठेवावं, ते आपोआप पसरतं का हे काही हंगाम बघावं, आणि तेही वहीत चढवावं. आमच्या निवेदनात हे कलम मी हट्टाने घातलंय. काहींना ते नको होतं, विदेशी ऑर्किडं आणली की माणसं येतात असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. गोव्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, पावसात उमलणारी सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू बघायला माणसं येतील. त्यांची ओळख करून देणारा कोणी जवळ असला पाहिजे. आणि सडे झपाट्याने जाताहेत. मोपाच्या पठारावर आता विमानतळ आहे.

बोंडल्याला अभयारण्यात वनस्पतिबाग आहे, जुने गोव्यात एला इथे कृषी संशोधन संस्था आंब्या-काजूच्या जाती राखते, आणि फोंड्याकडची जुनी कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, तर आहेतच. शून्यापासून सुरुवात नाही. पणजीत जागा मिळेपर्यंत आम्ही आल्तिनो आणि कांपालवरची जुनी झाडं नोंदायला घेतली आहेत. माझ्या उच्च माध्यमिकच्या मुली शनिवारी येतात, खोडाचा घेर मोजतात, फुलं कळीत आहेत की उमललेली ते लिहितात. मुलांपेक्षा त्या जास्त नेमाने येतात. सध्या सगळं शंभर पानी वह्यांत आहे आणि प्रत्येकीचं अक्षर वेगळं.

इथे मला तुझी गरज आहे. तुझं सगळं आयुष्य डेटाबेस बांधण्यात गेलं. आम्हाला एक साधी नोंदप्रणाली करून दे, मोबाईलवर मराठीतून भरता येईल अशी. झाडाचा क्रमांक, शास्त्रीय नाव, गावात म्हणतात ती सगळी नावं (एकापेक्षा जास्त असतात, रकाना मोठा ठेव), बी कुठून आलं ते ठिकाण, आईझाड कोणतं, आणणाऱ्याचं नाव, सांगणाऱ्याचं नाव, आणि मग तारीखवार निरीक्षणं. एकदा लिहिलेली नोंद कोणालाही पुसता येऊ नये. चूक असेल तर खाली दुरुस्ती जोडता यावी, वरची तशीच राहू दे. झाड मेलं तरी त्याचं पान राहिलं पाहिजे. नेटवर्क नसलं तरी चालायला हवं, कारण सत्तरीत ते नसतंच. दिवाळीपर्यंत कच्चं काही झालं तर मी मुलींना शिकवायला घेईन.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. आईने तुझ्यासाठी भिरंडीची सोलं वाळवून ठेवलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

तुझा,
विनायक