परत गेलेले ग्रीन कार्ड आणि साठ दिवसांची मुदत

मा. संपादक,
स. न.

वरूड-मोर्शी भागातील अनेक घरांतील मुलेमुली अमेरिकेत स्थायिक झाली असून, तेथील नागरिकत्व मिळाल्यावर त्यांपैकी काहींनी आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाची प्रक्रिया केली आहे. मुंबईच्या वकिलातीतील मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि व्हिसा यांची तयारी ही मंडळी काळजीपूर्वक करतात. परंतु नंतर टपालाने येणारे कार्ड पत्त्याच्या घोळामुळे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे परत गेले तर काय करावे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

हे कार्ड अमेरिकेतील पत्त्यावरच जाते, गावच्या पत्त्यावर येत नाही. आमच्या शेजारच्या संत्रा बागायतदार दांपत्याने लेकीच्या घरचा पत्ता दिला होता आणि मृगाच्या आधी ते गावी परतले. लेकीच्या इमारतीतील टपालपेटीवर फक्त जावयाचे आडनाव होते. आपल्याकडे 'मु. पो.' एवढे लिहिले तरी पोस्टमन घर गाठतो. तिकडचा पोस्टमन पेटीवरचे नाव आणि फ्लॅटचा क्रमांक पाहतो, आणि वेगळ्या आडनावाचा लिफाफा परत जाऊ शकतो. तसेच झाले. तालुक्याच्या एका सल्लागाराने त्यांना कार्ड रद्द झाल्याचे आणि सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागेल असे सांगून मोठी रक्कम मागितली.

हे सांगणे निखालस चुकीचे होते. कार्ड परत गेल्याने कायम वास्तव्याचा हक्क जात नाही. स्थलांतरित व्हिसावर अमेरिकेत प्रवेश करताना पासपोर्टवर जो शिक्का मारला जातो, त्यासह तो व्हिसा एक वर्षापर्यंत कार्डाच्या जागी तात्पुरता पुरावा म्हणून चालतो, आणि त्यावर परत जाताही येते. मात्र गावी वर्षाहून अधिक काळ राहिल्यास अडचण उभी राहते, म्हणून पेरणी-वेचणीचा हिशेब मांडताना ही मुदतही धरावी.

खरी घाई दुसऱ्याच गोष्टीची आहे. यूएससीआयएस या अमेरिकी स्थलांतर खात्याने एप्रिल २०१८ मध्ये असे धोरण जाहीर केले की, टपालातून परत आलेले कार्ड साठ कामकाजाच्या दिवसांत, म्हणजे सुट्ट्या धरून सुमारे तीन महिन्यांत, संबंधित व्यक्तीने योग्य पत्ता कळवला नाही तर नष्ट करण्यात येईल. कार्ड नष्ट झाले की आय-९० हा अर्ज भरून नवे मागवण्यावाचून गत्यंतर नाही. म्हातारी माणसे समुद्रापार असताना आणि खात्याची पत्रेही नोंदीतल्या त्याच चुकीच्या पत्त्यावर जात असताना ही मुदत मला अपुरी वाटते. पण नियम आहे तोवर तो ओळखूनच वागले पाहिजे.

घर बदलल्यावर पोस्टात नवा पत्ता दिला की सगळे टपाल आपोआप तिकडे येईल, असा समज मुलांमध्येही आढळतो. पोस्टात केलेला बदल स्थलांतर खात्याच्या नोंदीत उतरत नाही. खात्याला पत्ता स्वतंत्रपणे कळवावा लागतो, आणि अमेरिकेत राहणाऱ्या स्थलांतरिताने तो घर बदलल्यापासून दहा दिवसांत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पत्ता देताना फ्लॅटचा क्रमांक आणि 'केअर ऑफ' म्हणून लेक-जावयाचे नाव लिहावे, शिवाय टपालपेटीवर आईवडिलांच्या नावाची चिठ्ठी लावावी. एवढी दक्षता घेतली असती तर आमच्या शेजाऱ्यांची झोप उडाली नसती.

त्यांच्या लेकीने खात्याच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती पाहिली, पत्ता दुरुस्त केला आणि कार्ड न मिळाल्याची चौकशी तेथेच नोंदवली; कार्ड पुन्हा पाठवले गेले. यासाठी कोणा सल्लागाराची गरज पडली नाही. पुन्हा पाठवायची कार्डे स्वाक्षरी घेऊनच हाती देण्याची पद्धतही खात्याने २०१८ मध्येच सुरू केली. आईवडील गावी असल्यास स्वाक्षरीला कोण, हा प्रश्न उरतो. त्यासाठी अमेरिकेच्या टपाल खात्याचा फॉर्म ३८०१ भरून आपल्या वतीने कार्ड घेणारा माणूस नेमता येतो.

ज्यांना ग्रीन कार्डाचे शुल्क भरूनही कार्डाची खबर नाही, त्यांनी शुल्काची पावती काढून तिच्यावरील तीन इंग्रजी अक्षरे व दहा अंकांचा क्रमांक मुलांना आजच कळवावा, आणि संकेतस्थळावर कार्ड परत आल्याची नोंद दिसली तर तिची तारीख लिहून ठेवावी, कारण मुदतीचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. वरूड, जि. अमरावती