महापौराचं मत नावानिशी, टेंडरला मात्र ‘मंजूर मंजूर’

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मार्च 2022 पासून आपल्या नाशिक मनपाचा कारभार प्रशासकच बघत होते, जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, शेवटी जानेवारी 2026 मध्ये एकदाची निवडणूक झाली आणि 122 नगरसेवक परत मनपाच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात जाऊन बसले. बरं झालं. नळाला पाणी आलं नाही तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं ते तरी आता माहितीये. पण मला वेगळंच विचारायचंय, मी ज्याला निवडून दिला त्याने आत जाऊन कुठल्या विषयाला काय मत दिलं ते मला कळणार कसं?

महापौराची निवडणूक असली ना की सगळं कसं चोख असतं. हात वर करून मतदान, एकेकाची नावासकट नोंद, वर पक्षाचा व्हिप, आणि तो मोडला तर पक्षांतराच्या 1986 च्या कायद्याने नगरसेवकपदच जाऊ शकतं. म्हणजे खुर्चीचा विषय असला की प्रत्येक मताचा हिशोब. आणि रस्त्याचं टेंडर, आरक्षित जागेचं भूसंपादन, टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क), घंटागाडीचा ठेका असलं काही आलं की वरून ‘मंजूर?’, खालून चार आवाज ‘मंजूर मंजूर’, झाला ठराव. त्यात परत आयत्या वेळचे विषय असतात, त्यांचं डॉकेट, म्हणजे विषयाची कागदपत्रं, किती जणांनी वाचलेलं असतं देव जाणे.

आता कायद्यात सोय नाही असं नाही हं. सभागृहात पोल, म्हणजे एकेकाचं मत मोजून घेणं, मागता येतो, मागितला की बाजूने कोण नि विरोधात कोण हे नावासकट इतिवृत्तात चढतं. पण मागणार कोण? सत्ताधाऱ्यांना नको असतो, विरोधकांचाही एखादा विषय त्याच डॉकेटमध्ये अडकलेला असतो.

2018 चं आठवत असेल. तुकाराम मुंढे आयुक्त होते, त्यांच्यावर अविश्वास आणायला 1 सप्टेंबरची खास महासभा लावली होती, गावभर दुसरा विषय नव्हता, आणि ऐन वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितल्यावर प्रस्ताव मागे. मुंढे बरोबर का नगरसेवक बरोबर या वादात मला आत्ता पडायचं नाही. पण मतदानच झालं नाही, त्यामुळे त्या दिवशी कुणाचा हात वर गेला असता ते आपल्याला कधी कळलंच नाही.

दुसरं म्हणजे हितसंबंध. महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 10 प्रमाणे नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, थेट नाहीतर आडून, मनपाच्या ठेक्यात हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. वाचायला झकास. पण यात मेहुणा कुठे बसतो? पुतण्या? गंमत बघा, याच कलमात नंतर अनधिकृत बांधकामाचा मुद्दा घातला त्यात ‘स्वतः, पती-पत्नी किंवा अवलंबून असलेली व्यक्ती’ असं स्पष्ट लिहिलंय. बेकायदा गॅलरी काढली तर बायको आठवते, ठेक्याच्या वेळी नाही! आडून म्हणजे नक्की किती आडून हे ठरवायला मग कोर्टात जायचं, तोवर टर्म संपते.

आमची सिडकोत 24 फ्लॅटची सोसायटी आहे, मी तीन वर्षं सेक्रेटरी होतो (परत होणार नाही, तो वेगळा विषय). टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची कोटेशनं उघडायची होती, त्यातलं एक आमच्याच एका कमिटी मेंबरच्या भावाचं. ते काका स्वतःच उठले, म्हणाले माझ्या भावाचं आहे, तुम्ही ठरवा, मी खाली चहा पिऊन येतो. प्रोसिडिंगला मी तसंच लिहिलं, अमुक मेंबर बाहेर गेले. काम शेवटी भावालाच मिळालं कारण रेट खरंच कमी होता, आणि कुणी एका शब्दाने कुरकुर केली नाही. हे महासभेत का लिहिता येऊ नये? राज्यसभेत सुद्धा खासदारांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे, कंपनीत संचालक आहात का, सल्ल्याचे पैसे घेता का, सगळं लिहून द्यावं लागतं. आपल्याकडे बांधकाम व्यवसायातलेच लोक सभागृहात आणि विकास आराखड्याचे विषयही त्यांच्याच पुढे, मग निदान लिहून तरी द्या की बाबा माझा इथे प्लॉट आहे म्हणून.

माहिती अधिकार आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प लावायचा, 30 दिवस थांबायचं. पण मूळ इतिवृत्तातच ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं असेल तर दोन रुपये पानाने तेच दोन शब्द झेरॉक्स होऊन हातात पडणार.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, रस्ते, घाट, पूल, साधुग्राम, पैसा जोरात येतोय. म्हणून आत्ताच म्हणतोय. ठेके मंजूर करणाऱ्या स्थायी समितीत अवघे 16 जण असतात, 16 नावं लिहायला इतिवृत्त ठेवणाऱ्या नगरसचिवांना किती वेळ लागेल?

तुमच्याकडेही एक मागणं आहे. महासभेची बातमी देता तेव्हा गदारोळ, घोषणाबाजी, कोण कुणाच्या अंगावर धावलं हे सगळं येतं. त्याच्याच बाजूला एक छोटी चौकट टाका, मोठ्या ठेक्याचा विषय कोणता होता, बाजूने कोण, विरोधात कोण, आणि पोल मागितला का. नसेल मागितला तर ‘मागितला नाही’ एवढंच छापा.

आपला,
एक घरपट्टी भरणारा, सिडको, नाशिक