न्हावा शेवाचा नंबर आणि गेटवरची लाईन

संपादक साहेब, वर्ल्ड बँकेच्या २०२३ च्या कंटेनर बंदरांच्या कामगिरीच्या क्रमवारी यादीत विशाखापट्टणम ११५ वरून थेट १९ वर, मुंद्रा २७ वर आणि आपलं न्हावा शेवा बंदर ९६ वर, तरी टॉप १०० मध्ये आलो म्हणून कौतुक झालंच. पण ही यादी मोजते काय, तर जहाज बंदरात किती वेळ अडकलं तेवढंच, गेटबाहेर ताटकळणारा कंटेनरचा ट्रेलर त्यात धरतच नाहीत (ड्रायव्हरचा वेळ फुकटचा असतो बहुतेक!). तुलना जरूर करा, पण विशाखापट्टणमशी कशाला, तिथल्यापेक्षा इथे कंटेनर कितीतरी जास्त, त्यापेक्षा इथल्याच टर्मिनलांची (म्हणजे बंदरातल्या वेगवेगळ्या कंटेनर धक्क्यांची) एकमेकांशी करा ना, क्रेन तासाला किती डबे उचलते, किती वेळ बंद असते, आणि ट्रेलर आत जाऊन बाहेर यायला किती तास लागतात तेही दर महिन्याला पेपरात छापा.

– एक वाचक, उरण