चाकू म्हटलं की लगेच कोयताच का आठवतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खरं सांगतो, तुमचा पेपर मी घरी घेत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपसमोर चहाचा गाडा आहे तिथं येतो तो वाचतो, आणि दहा मिनिटं चहाला लागतातच त्यामुळं आतल्या पानावरच्या बारीक बातम्यापण वाचून होतात. त्यातली एक दर थोड्या दिवसांनी येती, जिल्ह्यात बंदी आदेश लागू म्हणून. कुठला सण, कुठला मोर्चा, निवडणूक, काहीतरी असतंच. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७ (१), शस्त्रे, सोटे, भाले, सुरे, लाठ्या बाळगायला मनाई. वर्षानुवर्षं तीच भाषा आहे, आणि वाचून कुणाच्या डोक्यात काय प्रकाश पडतो देव जाणे. हे पत्र त्यावरूनच लिहितोय, पण थोडं फिरून येतो, सांभाळून घ्या.

झालं असं की माझा भाचा, वय सतरा, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड जाणार होता पोरांच्याबरोबर. दोरी झाली, रेनकोट झाला, टॉर्च झाली, मग म्हणतोय, "मामा, एक फोल्डिंगचा चाकू पाहिजे, पाचशे-सातशेपर्यंत, कुठला घेऊ सांगा की." आमची बहीण आतनंच ओरडली, चाकू-बिकू काही नको, उद्या पोलीस दारात येतील. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, रोज पेपरात कोयता घेऊन फिरणारी पोरं वाचली की आईच्या पोटात गोळा येणारच. पण गंमत बघा, तीच बहीण रोज फूटभर विळीवर बसून नारळ खवती, आणि भाऊजींच्या शेतात चार विळे आणि दोन कोयते आहेत ते कुणाला हत्यार वाटत नाहीत.

बरं, नको म्हणल्यावर पोरगं ऐकणार होय. त्यानं गुपचूप ऑनलाईन मागवला. साडेचारशेचा, काळाकुट्ट, पात्याला दाते, मुठीला काच फोडायचं टोक, बाटली उघडायचं काहीतरी, आणि मला वाटतंय शिट्टीपण होती. दाखवायला शॉपमध्ये घेऊन आला. मी म्हणलं आण इकडं. बोटं पात्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरली आणि पात्याची पाठ लाकडाच्या ठोकळ्यावर हळूच टकटक केली. पहिल्याला थांबला, दुसऱ्याला खटका, म्हणजे उघडं पातं अडवून धरणारं लॉक, सुटला आणि चाकू मिटला. पोराचा चेहरा उतरला. मी म्हणलं, मर्दा, हे तुझ्या चार बोटांवर मिटलं असतं मसाई पठारावर, भर पावसात, तर काय केलं असतंस?

मला हे माहीत आहे कारण मी स्वतः तेच केलेलं. पंधरा वर्षांचा असताना एका यात्रेत बटणाचा चाकू घेतला, पिक्चरमध्ये बघून, रामपुरी रामपुरी म्हणत. आठवड्याभरात स्प्रिंग ढिली झाली आणि सायकलवर टांग मारताना खिशातच उघडला. मांडीवर व्रण आहे अजून. वडिलांनी औषधाआधी दोन कानफाटात दिल्या होत्या.

तर मुद्दा असा, की पोरं घेणारच आहेत. मग घरातल्या मोठ्या माणसानं बरोबर बसून नीट घेऊन द्यावा का नाही? माझं मत द्यावा. आणि कसला द्यावा ते माझ्या अडीच-तीन दशकांच्या लोखंडातल्या अनुभवावरून सांगतो, मी काही चाकूतला तज्ज्ञ नाही, टर्नर आहे.

पैसे कमी असतील तर खुबी जितक्या कमी तितका चाकू बरा. साडेचारशेत कंपनीनं शिट्टी पण दिली, टोक पण दिलं, तर खटक्यावर आणि पात्यावर किती घातले असतील याचा हिशोब करा की. साधं एक पातं, साधी मूठ. पातं तीन इंच म्हणजे साडेसात सेंटीमीटर बास झालं, कांदा, काकडी, दोरी, प्लास्टिकची पोती, पेन्सिल, सगळं त्यात होतं. आणि पातं पातळ पाहिजे. पोरांना जाड पातं आवडतं, मजबूत दिसतं म्हणून, पण जाड पात्यानं बटाटा कापला जात नाही, फाटतो. घरातली सुरी बघा किती पातळ असती ते. चाकू हा कापायला आहे, पहार नव्हे.

खटक्याचं जरा सविस्तर सांगतो कारण सगळी गोम तिथं आहे. एक प्रकार असतो ज्यात खटकाच नसतो, पाठीमागं नुसती पट्टीची स्प्रिंग असती, तिच्या ताणावर पातं उघडं राहतं आणि जोर दिला की मिटतं. लाल रंगाचा स्विस चाकू सगळ्यांनी बघितलाय, तो ऑफिसर चाकू १८९७ सालापासून आहे, आणि त्यातले जे नेहमीचे ९१ मिलिमीटरचे, त्यातल्या बहुतेकांच्या मोठ्या पात्याला खटका नाही. तरी जग वापरतंय. कारण त्यानं हाताला शिस्त लागती, पात्याच्या पाठीवर जोर द्यायचा नाही, टोकानं खुपसायचं नाही, उचकटायचं तर अजिबात नाही. दुसरा लायनर लॉक, आतनं एक पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली अडकती. चांगला बनवलेला असेल तर उत्तम, स्वस्तात बनवलेला असेल तर वर सांगितलं तसं. शिवाय तो मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेतच ठेवून पट्टी ढकलावी लागती, नवख्याचं रक्त तिथंच निघतं. तिसरा मला सगळ्यात आवडतो तो फ्रान्सचा ओपिनेल, लाकडी मूठ आणि मानेला पत्र्याचं गोल कडं, कडं फिरवलं की लॉक. ते कडं १९५५ पासून आहे. काही मोडायला शिल्लकच नाही त्यात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, आणि लहान पोरांसाठी टोक गोल केलेला सात नंबरपण येतो.

पण आपल्या पावसात एक अडचण. लाकूड फुगतं आणि पातं मुठीत आवळून बसतं, नखानं उघडता उघडत नाही. तिकडच्या शेतकऱ्यांनी त्यावर काढलेली युक्ती म्हणजे कडं मोकळं करायचं आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं आपोआप थोडं वर येतं. मला तर ही पद्धत आपल्याच गावातली वाटली, ठोकून बघायची.

आता स्विस घ्या नाहीतर ओपिनेल, पाचशे-सातशेत बसत नाही. मग काय? तर शेती अवजारांच्या दुकानात जावा, लक्ष्मीपुरीत शाहूपुरीत मिळतील, आणि कलम करायचा चाकू मागा. नर्सरीवाले आंब्या-गुलाबाची कलमं बांधतात तो. मिटणारा असतो, सरळ पातं, छोटं, तीन-चारशेच्या आतबाहेर. खटका नसतो शक्यतो. काही काहींची धार पात्याच्या एकाच अंगानं घासून काढलेली असती, ते कापताना जरा तिरके जातात, म्हणून धार दोन्ही अंगांनी घासलेली आहे का बघून घ्यायचा. दिसायला एकदम गावठी, फोटो टाकून भाव खाता येणार नाही, पण काम करतो. दुकानातच उघडून पातं आडवं हलवून बघा, सांध्यात प्ले असेल, म्हणजे पातं डुगडुगत असेल, तर ठेवून द्या. स्क्रू असेल तर आवळता येतो, रिव्हेट असेल तर जन्मभर तसाच.

स्टीलचं पोरं फार डोकं खातात. भाचा म्हणतोय, "मामा, यावर डी-टू लिहिलंय." मला हसू आलं. अरे डी-टू आपल्या उद्यमनगरात डाय बनवायला वापरतात, दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम, पत्रा कापून कापून थकत नाही असं स्टील. धार टिकती हे खरं, पण एकदा गेली की दगडावर घासत बसा रविवारभर. आणि साडेचारशेच्या चाकूवर डी-टू छापलंय म्हणून आत डी-टूच असतंय होय? छापायला काय जातंय. नवख्याला साधं स्टेनलेस बरं. कार्बन स्टील धारेला छान, पण लिंबू कापलं की काळं पडतं आणि आपल्याकडच्या जून-जुलैत रात्रीत गंज धरतं.

म्हणून मी म्हणतो बजेटातले दीड-दोनशे बाजूला ठेवा आणि हार्डवेअरमधून दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड आणा, एक बाजू भरड एक बारीक. धार लावता न येणाऱ्याला पाच हजाराचा चाकू पण महिन्याभरात बोथटच. कोन कळत नाही म्हणून पोरं घाबरतात, तर चौकोनी कागदाचा कोपरा घ्या, एकदा मधोमध दुमडला की पंचेचाळीस अंश, परत दुमडला की साडेबावीस. तेवढा किंवा त्याहून किंचित कमी कोन दगडाशी धरायचा आणि तो हलू द्यायचा नाही, बास. पाणी टाकून सावकाश. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बारीक बूर येती, बोट धारेच्या आडवं बाहेरच्या दिशेनं फिरवलं की खरखर लागती. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी ती बूर काढायला चामडं लागतं, आणि त्याबाबतीत कोल्हापूरकरांसारखं नशीबवान कोण नाही. सुभाषनगरला, जवाहरनगरला चपला बनवणाऱ्यांकडं जावा, कातड्याचा एक तुकडा मागा. बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं ते कातडं यासाठी झकास. त्यावर पातं उलट्या दिशेनं, म्हणजे पाठ पुढं धार मागं असं ओढायचं. तिथंच बसून रापी, म्हणजे कातडं कापायचं त्यांचं पातं, कशी चालवतात तेपण बघा, धार म्हणजे काय ते त्या माणसांच्या हातात कळतं.

एक करू नका, चाकू शॉपमधल्या ग्राइंडरवर नेऊ नका, आणि गल्लीत सायकलवर चाक लावून धारवाला येतो त्याच्याकडंपण हे पातळ पातं देताना सांगा की सावकाश, पाणी मारत. ठिणग्या उडवत घासलं आणि पातं निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे स्टीलचा कडकपणा गेला समजा, मग त्याला धार राहत नाही. विळ्याचं वेगळं, चाकूचं वेगळं. आणि तेल लावायचं तर खायचं कापणाऱ्या चाकूला मशीन ऑइल नको, मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं त्याचे दोन थेंब सांध्यात.

आता कायद्याचं, ज्यासाठी हे पत्र. भाच्याच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की नऊ इंचापर्यंत चाकू चालतो, टेन्शन नाही. हे अर्धवट आहे. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, आणि त्यातनंही घरगुती, शेतीच्या कामाची वगळलेली आहेत, हे बरोबर. पण बंदी आदेश लागू असतो तेव्हा तिथं इंचाबिंचाचा प्रश्नच नाही. सुरे म्हणजे सुरे, सार्वजनिक जागी जवळ बाळगायचे नाहीत. आदेश एका वेळी पंधरा दिवसांपर्यंतचा निघतो, आणि आपल्याकडं एक संपतोय तोवर दुसरा येतोय. म्हणजे पोरगं तीन इंचाचा चाकू खिशात घालून मिरजकर तिकटीला उभा राहिलं तर ते अडचणीत येऊ शकतं, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आमच्या घरचा नियम असा केलाय, चाकू घरात किंवा ट्रेकच्या सॅकमध्ये तळाला, डब्याबरोबर गुंडाळून. खिशात नाही. कॉलेजात नाही, अंबाबाईच्या देवळात नाही, गणपतीच्या मिरवणुकीत तर नावच नको. उजळाईवाडीवरनं विमानानं कुठं गेला तर चेक-इनच्या बॅगेत. मित्राशी वाद घालताना हातात नाही, हे बहिणीनं घातलेलं कलम. आणि आदेश लागू असेल त्या दिवसांत ट्रेकलापण घरीच ठेवायचा, भाकरी हातानं मोडून खायची. काकडी दातानं तोडली तर काय बिघडतं.

तर तुम्हाला विनंती एवढीच, की ती बंदी आदेशाची बातमी सरकारी भाषेत जशीच्या तशी न टाकता शेजारी चार ओळींची चौकट द्या, साध्या मराठीत, कधीपासून कधीपर्यंत, कुठं, आणि सामान्य माणसानं काय जवळ ठेवायचं नाही. एखाद्या वकिलाकडून तपासून घ्या, माझ्यावर विसंबू नका. आणि जुलैच्या आधी ट्रेकला जाणाऱ्या पोरांसाठी काही लिहिणार असाल तर त्यात चाकूचापण विषय घ्या, पोरं मोबाईलवर बघून शिकतात त्यापेक्षा बरं.

भाच्यानं शेवटी कलमाचाच चाकू घेतला, तीनशे वीस रुपये. रोज रात्री दगड घेऊन बसतोय. धार आली का बघायला वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापतात, न फाटता सरळ गेला पाहिजे. त्यासाठी मी गाड्यावरनं तुमच्या पेपरच्या जुन्या रविवार पुरवण्या मागून नेतो. परवा त्यानं घाईघाईत नवीनच कापली, बहिणीचं शब्दकोडं अर्धं राहिलंय, आणि त्याचं उत्तर तुम्ही पुढच्या रविवारीच छापणार.

आपला,
उद्यमनगरातला एक मामा, कोल्हापूर