टिपणं वकिलाच्या ताब्यात राहू द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी चिपळूणच्या न्यायालयात दिवाणी आणि कौटुंबिक दावे चालवते. फोनवर किंवा संगणकावर लिहिलेली टिपणं कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून तिच्या सर्व्हरवर, चढवल्याशिवाय वापरताच येणार नाहीत, अशी सक्ती हळूहळू वाढत चालली आहे. निदान वकिलांनी तरी याविरुद्ध बोललं पाहिजे, म्हणून हे पत्र.

आमचं निम्मं काम टिपणांवर चालतं. पक्षकार पहिल्यांदा येऊन बसतो तेव्हा तो घरातलं सगळं सांगतो. भावानं फेरफार कधी करून घेतला, सही करताना आईला नीट दिसत होतं का, बांध कुणी सरकवला, लग्नातले दागिने कुणाच्या कपाटात आहेत. त्यातलं दाव्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे पुढे ठरतं. सोडलेलंच पुष्कळ असतं आणि बऱ्याचदा तेच सगळ्यात नाजूक असतं. "बाई, हे कागदावर नको हां," असं म्हणून सांगितलेलंही मला कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं, नाहीतर दोन वर्षांनी उलटतपासणीच्या वेळी ते आठवणार कसं? न्यायालयात दाखल होतो तो कागद सगळ्यांचा. ई-फायलिंगला माझा काडीचाही विरोध नाही. पण टिपण हे पक्षकार आणि मी, एवढ्या दोघांतलंच असतं.

ही टिपणं मी काही वर्षांपासून फोनमधल्या एका साध्या ॲपमध्ये ठेवत होते. नोंदी फोनमध्येच राहायच्या, खातं वगैरे काही नव्हतं, म्हणूनच ते निवडलं होतं. यंदा पावसाळ्यात एका वाटपाच्या दाव्यात साक्षीदार पिंजऱ्यात उभा होता. मी फोन उघडला तर ॲप रात्रीत नवीन झालेलं. समोर एकच पडदा: ईमेल द्या, खातं उघडा, नोंदी आमच्या सर्व्हरवर जमा करायला संमती द्या. 'पुढे जा' हे एकच बटण होतं, नकाराला जागाच नव्हती. माझ्याच हातांनी लिहिलेल्या, माझ्याच फोनमध्ये असलेल्या नोंदी त्या पडद्यामागे गेल्या होत्या. आमच्या इमारतीत आत रेंजही धड येत नाही. आदल्या रात्री कागदावर काढलेल्या मुद्द्यांवर उलटतपासणी उरकली. जुन्या नोंदींची प्रत मी लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली होती, त्यामुळे संमती न देता काम भागलं. मधल्या काळात लिहिलेल्या नोंदी मात्र अजून तिथेच अडकल्या आहेत. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं, की नवीन धोरण सर्व ग्राहकांच्या सोयीसाठी आहे.

भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३२ (जुन्या कायद्यात कलम १२६) सांगतं, की पक्षकारानं कामाच्या संदर्भात सांगितलेली गोष्ट वकिलानं त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करायची नाही. हे संरक्षण पक्षकाराचं आहे. मी ते परस्पर सोडून देऊ शकत नाही. ॲपमधल्या 'पुढे जा'वर बोट ठेवताना संमती कुणाची असते? त्या म्हाताऱ्या आईची तर नसतेच.

सर्वोच्च न्यायालयानं वकिलांना पाठवल्या जाणाऱ्या समन्सबाबत स्वतःहून दखल घेऊन ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. त्यात वकिलाच्या फोन-संगणकाचाही विचार आहे. तपास यंत्रणेला असं उपकरण हवं असेल तर ते न्यायालयापुढेच हजर करायचं, पक्षकाराला नोटीस द्यायची, हरकत ऐकायची, आणि उघडायचंच झालं तर वकील व पक्षकार यांच्या समक्ष, इतर पक्षकारांची गुपितं सांभाळून उघडायचं. फार चांगला निकाल आहे. पण हे सगळं संरक्षण माझ्या टेबलावरच्या उपकरणाला आहे. त्याच टिपणांची दुसरी प्रत परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर पडलेली असेल आणि कुणी ती कंपनीकडूनच मागून घेतली, तर मी हरकत घ्यायची कुठे आणि केव्हा? ती मागितली गेली हे मला कळेल याचीही खात्री नाही.

यावर मला नेहमी सांगितलं जातं, की क्लाउडवर सगळं कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असतं. असतं ना. पण ती कूटकिल्ली बहुतेक ठिकाणी कंपनीकडेच असते. किल्ली फक्त लिहिणाऱ्याकडे राहील अशी सोय काही सेवांमध्ये आहे, ज्यांना हवी त्यांनी ती जरूर वापरावी. मी बोलते आहे ते जिथे विचारलंच जात नाही त्याबद्दल.

आणि धोका दूरच्या कुणा हॅकरकडून असतो ही समजूत कौटुंबिक दाव्यात काम करणाऱ्याला तरी पटणार नाही. एका पक्षकार बाईंचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. फोन नवऱ्यानं घेऊन दिलेला, खातंही त्यानंच उघडून दिलेलं. बाई रोज रात्री फोनमधल्या वहीत लिहायच्या: तारीख, काय झालं, कोणी पाहिलं, कुठे लागलं. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जात अशी त्याच दिवशी केलेली नोंद फार मोलाची असते. पण घरातला टॅबलेट त्याच खात्यावर चालत होता. बाईंनी लिहिलेली प्रत्येक ओळ दिवाणखान्यातल्या त्या टॅबलेटवर उमटत होती. समोरच्या बाजूचं म्हणणं दाखल झालं तेव्हा मी ते वाचतच राहिले. आम्ही अजून न्यायालयापुढे मांडलेल्याही नव्हत्या अशा प्रसंगांचे खुलासे त्यात क्रमवार, तारखांसह तयार होते. त्या बाईंना 'सिंक' म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. नोंदी फोनबाहेर जाऊ नयेत असं त्यांना हवं होतं, आणि तसं करता येईल असा पर्याय त्या ॲपमध्ये नव्हताच.

दिवाणी वकिलाला मालकी आणि ताबा यांतला फरक शिकवावा लागत नाही. या कंपन्यांच्या अटींमध्ये बहुतेक वेळा ठळकपणे लिहिलेलं असतं, की मजकुराची मालकी तुमचीच. मालकी आमची आणि ताबा त्यांचा. जमिनीच्या बाबतीत विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ एवढं तरी देतं, की कायदेशीर मार्गाशिवाय तुमचा ताबा कुणी काढून घेतला तर सहा महिन्यांत दावा करा, मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मिळेल. माझ्या टिपणांचा ताबा एका रात्रीत गेला. त्यासाठी असं कुठलंच कलम नाही.

सक्तीचा शेवट काय होऊ शकतो याचा दाखला दक्षिण कोरियात मिळाला. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांना २०१८ पासून सूचना होती, की कामाचे दस्तऐवज कचेरीतल्या संगणकावर ठेवू नका, सरकारच्या 'जी-ड्राइव्ह' या क्लाउडवरच ठेवा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दैजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. जी-ड्राइव्ह जळून गेलं. त्यातल्या ८५८ टेराबाइट माहितीची दुसरीकडे प्रत नव्हती, साठा फार मोठा म्हणून ती घेतलीच जात नव्हती. तांत्रिकदृष्ट्या इतक्या पुढारलेल्या देशात हे घडलं. ज्या खात्यानं ती सूचना काटेकोर पाळली होती, त्याचंच नुकसान सगळ्यात जास्त झालं.

आता चिपळूणकर मला एक प्रश्न विचारणारच, आणि तो विचारायलाच हवा: २२ जुलै २०२१ विसरलात का? नाही विसरले. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या कार्यालयातल्या फायली, वकीलपत्रं, सहीशिक्क्याच्या नकला, सगळं चिखलात गेलं. संगणकही गेला. पुढचे काही आठवडे आम्ही कागद वेगळे करून दोरीवर वाळत घालत होतो आणि शाई फुटलेल्या ओळी पक्षकारांना बोलावून वाचून घेत होतो. ज्या सहकाऱ्यांनी क्लाउडवर प्रती ठेवल्या होत्या त्यांना त्या नंतर मिळाल्या, हे मान्यच आहे. पहिले काही दिवस वीज आणि रेंज दोन्ही नव्हत्या, तेव्हा त्यांनाही त्या उघडता आल्या नाहीत, एवढंच.

त्या पुरातून मी शिकले ते असं, की प्रत एका जागी ठेवायची नाही. आज टिपणं लॅपटॉपवर असतात, डिस्क कूटबद्ध केलेली. एक हार्ड डिस्क घराच्या वरच्या मजल्यावर, दुसरी रत्नागिरीला बहिणीकडे. एक प्रत क्लाउडवरसुद्धा आहे. पण ती माझ्या लॅपटॉपवरच कुलूपबंद होते आणि मग वर जाते, क्रिप्टोमेटरसारखी विनामूल्य साधनं त्यासाठी आहेत. म्हणजे क्लाउड मीही वापरते. काय चढवायचं, कधी आणि कोणत्या रूपात, हे मात्र मी ठरवते.

ताब्याला जोडून फाईल कोणत्या प्रकारची आहे हेही पाहावं लागतं. माझ्या सीनियरांनी श्री-लिपीत टंकलेले शेकडो मसुदे माझ्याकडे आहेत, कुळकायद्याच्या दाव्यांतले लेखी युक्तिवाद, काही तर आजही उपयोगी पडणारे. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर असा त्यांचा प्रवास झाला. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. पण फायली आमच्या हातात होत्या, म्हणून परिवर्तक वापरून त्या युनिकोडमध्ये आणता आल्या. कुठल्या तरी कंपनीच्या खात्यात असत्या आणि कंपनीनं गाशा गुंडाळला असता, तर परिवर्तन कशाचं केलं असतं? आता मी ऑब्सिडियन वापरते. त्यात प्रत्येक टिपण ही साध्या मजकुराची फाईल असते आणि ती माझ्याच फोल्डरमध्ये राहते. उद्या ते ॲप बंद पडलं तरी नोटपॅडमध्ये उघडेल. मुक्तस्रोत हवं असेल त्यांना जॉप्लिन आहे, त्यातही सिंक करायचं की नाही हे तुम्ही ठरवता. म्हणजे दुसरी पद्धत अशक्य आहे असं कुणी सांगू नये.

तरी वारा कुठल्या दिशेनं वाहतो आहे ते दिसतंच. एव्हरनोट या टिपणांच्या ॲपमध्ये पूर्वी फक्त आपल्या संगणकावर राहणारी वही करता यायची, २०२० च्या नव्या आवृत्तीत ती सोय गेली. डिसेंबर २०२३ पासून विनामूल्य खात्याला ५० नोंदी आणि १ वही अशी मर्यादा आली. ज्यांच्या आधीच जास्त होत्या त्यांना त्या वाचता आल्या, बाहेरही काढता आल्या, पण नवीन लिहायचं तर पैसे. मायक्रोसॉफ्टच्या वननोट या तशाच ॲपची वही विंडोजवर अजून संगणकात ठेवता येते, मॅकवर मात्र ती क्लाउडवरच लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की विंडोजवरच्या वर्डमध्ये नवीन दस्तऐवज आपोआप क्लाउडवर साठवला जाईल. हे सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं. पण आमच्या बार रूमबाहेर बसणारा टंकलेखक ते बदलायला जाणार आहे का? आणि त्याच्याकडे रोज किती जणांची प्रतिज्ञापत्रं टंकली जातात!

आपल्याकडे न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीनं २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत घेण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात तो गळाला. माहिती काय आहे ते विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला सांगण्याचा हक्क त्यात आहे. उचलून नेण्याचा नाही. युरोपात तो हक्क २०१८ पासून आहे. आपले खासदार मोबाईल टॉवरसाठी पत्रव्यवहार करतात, तसा यासाठीही करावा. कायदा दुरुस्त करताना आणखी एक वाक्य घालायला हवं: उपकरणात आधीपासून असलेला मजकूर खातं उघडण्याच्या अटीवर अडवून ठेवता येणार नाही.

महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिललाही विनंती आहे. नव्या वकिलांना प्रशिक्षण देताना पक्षकारांची टिपणं कुठे आणि कशी ठेवावीत हे शिकवावं, तालुक्याच्या ठिकाणच्या वकिलांना मराठीत शिकवावं, आणि कोणती ॲप्स उपकरणावरच मजकूर ठेवू देतात याची यादी तयार करून दर वर्षी तपासावी. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हल्ली पहिल्याच भेटीत विचारते, की फोन कुणी घेऊन दिला आणि खातं कुणी उघडलं. उत्तर 'नवऱ्यानं' असेल तर कागदाची वही घ्यायला सांगते आणि ती माहेरी ठेवायला सांगते.

आपली,
एक वकील, चिपळूण (जि. रत्नागिरी)

(पक्षकारांच्या हितासाठी नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)