बाळ्या, झेटर अजून विकला नाही

मोहोळ, जि. सोलापूर

प्रिय बाळ्या,

आषाढीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. आक्काचा गुडघा आहे तसाच, बाकी सगळे बरे. आमच्या एचएमटी झेटर ट्रॅक्टरचं प्रकरण दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही म्हणून लिहायला बसलो.

हस्ताचा पाऊस उघडला, वाफसा आला, मालदांडी पेरायची म्हणून विहिरीकडच्या तुकड्यात कुळवाची पाळी घालायला घेतली. अर्धा तास झक्कास चालला, मग दम तुटत तुटत बंद. जरा थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. आपलं काळं रान तुला माहीत आहे, वाफसा कुणासाठी थांबत नाही. शेवटी भाड्याचा ट्रॅक्टर बोलावून पेरून घेतलं. तेव्हापासून धाकट्यानं एकच धरलंय, "दादा, भंगारात घाला." एक व्यापारी येऊन वजनावर भाव सांगून गेला. आण्णांच्या ट्रॅक्टरला वजनावर भाव! रात्रभर झोप नाही मला.

मिस्त्री म्हणाला, पंप गेला, इंजिनच उतरवावं लागेल. मला पटेना. सकाळी गार असताना एका सेल्फला सुरू होतो, धूर काळा नाही, निळा नाही. डिझेलच्या लाइनीत हवा धरली असेल म्हणून फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला. बुडबुडा नाही, पण डिझेलही येईना, आणि टाकी तर अर्धी भरलेली! टाकीचं झाकण फिरवलं, तसा फुस्स आवाज झाला, हवा आत ओढली गेली आणि स्क्रूतून डिझेल उसळलं. झाकणातलं हवेचं बारीक भोक माती आणि ग्रीसनं बुजलेलं. डिझेल खाली जाईल तशी वरून हवा शिरायला वाटच नव्हती. दाभणानं भोक मोकळं केलं, झाकण डिझेलनं धुतलं. त्या दुपारी दिवस मावळेपर्यंत कुळव ओढला, एकदाही थांबला नाही.

आता तू म्हणणार, "घड्याळवाल्यांचा ट्रॅक्टर, चावी संपली असेल." म्हण. तुमची मॅसी तीन सिलिंडरची, आमचा एचएमटी दोनच सिलिंडरचा, पंचवीस हॉर्सपॉवरचा. तरी सीनेच्या काठावर रुतलेली उसाची ट्रॉली कुणी बाहेर काढली? ट्रॉली आधी अर्धी रिकामी केली होती असं तू अजून सांगत फिरतोस. केली नव्हती.

पण एवढ्यानं धाकटा बधला नाही, कारण मागची अवजार उचलायची लिफ्ट. तेल तापलं की उचललेला कुळव हळूहळू खाली बसतो. पिस्टनचं सील बदलीन, ते मिळतंय. पण वरचा आडवा शाफ्ट ज्या बुशात फिरतो ते बुश खाल्लंय, तिथून तेल गळतं, आणि ते काही मिळेना. सोलापुरातली पार्टची दुकानं पालथी घातली. एचएमटीचा पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना सरकारनं २०१६ मध्ये बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून जुना माल संपला की संपला. एका ठिकाणी मिळालं ते मापाला ढिलं.

मला नव्याचं वावडं नाही रे. पण हप्ता कशावर फेडायचा? उजनीचं पाणी आलं तर ऊस, नाहीतर ज्वारी आणि कडबा. याला काही झालं तर लिंबाखाली पाने-पकड घेऊन मी स्वतः उघडतो. आण्णांनी मला अन् तुला त्याच्यावरच शिकवलं. तो असा तोलून जाऊ द्यायचा?

तुझी भोसरीतली नवी शिफ्ट कशी आहे? लेकीला बारावीत चांगले मार्क पडल्याचं कळलं, शाबास सांग. वहिनींना शेंगाचटणी पाठवतोय.

त्याच पिशवीत जुनं बुश आहे. बाहेरचं माप त्यावरून घे, आतलं नको, ते झिजलंय; शाफ्ट मोजून चिठ्ठी आत ठेवलीय. तुमच्या लेथवर गनमेटलचं करून दे आणि दिवाळीला येताना घेऊन ये. धाकट्याकडून तेवढी मुदत मागून घेतलीय. जमणार नसेल तर फोन कर, म्हणजे मी दुसरीकडे बघतो.

तुझा,
दत्ता